धूर कोणाच्या छातीत?

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीने हॉटेलधंदा बुडतो, ही ओरड जुनीच आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून बंदीचे नवे नियम देशभर लागू होण्यापूर्वी हॉटेलमालकांची संघटना न्यायालयात धावली होती. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली अनेक देशांतील पाहण्या तपासल्या, तेव्हा अशा बंदीने उपाहारगृहांची एकूण उलाढाल घटत नाही, असाच निष्कर्ष निघाला.

त्याचे कारण पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीलाही उमगते. चाकणच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला कंत्राटी कामगार खानावळीत शिरतो, तो भुकेपोटी. सिगारेट त्याला बाहेरच्या टपरीवर मिळते. ताट मिळत नाही.

खरा अन्याय नियमांतच दडला आहे. तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहाला धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा ठेवता येते. वीस खुर्च्यांच्या खानावळीला ती मुभा नाही. म्हणजे भांडवल असेल त्याला सवलत, नसेल त्याला दंडाचा धाक! आणि त्या बंद खोलीतील थोटके उचलतो, फरशी पुसतो, तो कोण? तुटपुंज्या पगारावर राबणारा हॉटेल कामगारच. कारखान्यातील विषारी धुराविरुद्ध आपण मोर्चे काढतो. मग हॉटेल हा त्याचा कारखाना नव्हे काय?

ही सवलत रद्द झालीच पाहिजे. मालकाच्या गल्ल्याची चिंता पुष्कळांनी वाहिली. आता कामगाराच्या छातीची वाहू या.