टोळीत कोणाला घ्याल?

मुलांनो,

नववीतल्या एका वाचकाने या आठवड्यात मला एक यादी पाठवली आहे. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'झोंबी आले तर माझी टोळी'. खाली आठ नावं. वर्गात सगळ्यांत जोरात पळणारा, कराटे शिकलेला, झाडावर सरसर चढणारा, गलोलीने अचूक नेम धरणारा... आणि शेवटी प्रश्न : ''बाई, अशी टोळी असली तर आम्ही वाचू की नाही?''

प्रश्न झकास आहे! पण आधी ज्यांना झोंबी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. झोंबी म्हणजे चालता मुडदा. तुम्ही मधल्या सुट्टीत साखळी खेळता ना? ज्याच्यावर राज्य तो एकाला पकडतो, मग दोघं हात धरून तिसऱ्याला पकडतात. साखळी वाढत जाते आणि पळणारे कमी होत जातात. झोंब्यांचंही तसंच. ते ज्याला चावतात तो तापाने मरतो, आणि उठून त्यांनाच सामील होतो. अर्थात हे सगळं गोष्टीतलं बरं का!

या कल्पनेवर अमेरिकेत 'द वॉकिंग डेड' नावाची मालिका झाली. ३१ ऑक्टोबर २०१० ला सुरू झाली आणि २० नोव्हेंबर २०२२ ला संपली. अकरा पर्वं, १७७ भाग! रॉबर्ट कर्कमन यांची याच नावाची चित्रकथा २००३ पासून निघत होती, तिच्यावरून ही मालिका केली. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. ती मोठ्या माणसांसाठी आहे, तिच्यात रक्तपात फार आहे. लहानांनी ती बघायची नाही, आणि मोठ्या ताई-दादांनीही घरी विचारूनच बघायची. आपल्याला पुरेल एवढी गोष्ट मी सांगते.

रिक ग्राइम्स हा जॉर्जिया राज्यातला एक पोलीस. गोळी लागून बेशुद्ध पडलेला. शुद्धीवर येतो तेव्हा इस्पितळात चिटपाखरू नाही. बायको आणि मुलगा कार्ल यांना शोधत तो घोड्यावरून अटलांटा शहरात शिरतो, आणि मुडद्यांच्या गराड्यात सापडतो. त्याला बाहेर कोण काढतं? कोणी पैलवान नाही. घरोघरी पिझ्झा पोचवणारा ग्लेन नावाचा पोरगा! त्याला अटलांटाची गल्ली न् गल्ली पाठ असते. आपल्या वाचकाच्या यादीत असा कोणी होता का?

आता युक्त्या बघू. पहिली युक्ती आवाजाची. मुडदे आवाजाच्या दिशेने येतात. रिकने रस्त्यात बंदूक झाडली आणि ग्लेनचे सगळे सोबती एका दुकानात कोंडले गेले. मग त्याच आवाजाचा उपयोग करून ग्लेनने त्यांना सोडवलं. मोटारीचा भोंगा चालू ठेवून त्याने ती पळवली, मुडदे तिच्यामागे गेले आणि दुकानाचं दार मोकळं झालं. डॅरिल नावाचा शिकारी तर बंदुकीपेक्षा क्रॉसबो पसंत करतो. क्रॉसबो म्हणजे घोडा दाबून बाण सोडायचं धनुष्य. बार उडत नाही आणि बाण पुन्हा वापरता येतो.

दुसरी युक्ती वासाची. मुडद्यांना जिवंत माणसाचा वास ओळखू येतो. म्हणून रिक आणि ग्लेन अंगावर मुडद्याची घाण माखून त्यांच्यामधून चालत निघतात. (ईऽऽ म्हणू नका, जीव वाचवायचा आहे!) पण मध्येच पाऊस येतो, घाण धुऊन जाते आणि दोघांना पळता भुई थोडी होते.

तिसरी युक्ती सगळ्यांत साधी, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ती आहे झोपेची. तुम्ही कितीही जोरात पळा, दोन-तीन दिवसांनी डोळे मिटणारच. झोपलेला पैलवान आणि झोपलेलं बाळ, दोघं सारखेच! म्हणून डेल नावाचे म्हातारे आजोबा आपल्या गाडीच्या टपावर खुर्ची टाकून, दुर्बीण घेऊन पहारा करतात आणि बाकीचे खाली झोपतात. त्यांना झोप लागते, कारण वरचा माणूस आपल्याला टाकून जाणार नाही, एवढी खात्री असते.

ही खात्री कशी बनते आणि कशी मोडते, ते आता बघू.

शेन हा रिकचा जिवलग मित्र. दुसऱ्या पर्वात (२०११) हरणाची शिकार करताना ओटिस नावाच्या माणसाची गोळी चुकून छोट्या कार्लला लागते. शस्त्रक्रियेचं सामान आणायला शेन आणि ओटिस एका हायस्कुलात जातात. परत येताना दोघं लंगडत आहेत, मागे मुडद्यांची झुंड. शेन ओटिसच्या पायात गोळी घालतो. मुडदे ओटिसवर तुटून पडतात, शेन सामान घेऊन निसटतो. कार्ल वाचतो. आणि शेन सगळ्यांना सांगतो, की ओटिसने आपणहून जीव दिला.

तुम्ही म्हणाल, ''बाई, नाही तर दोघंही मेले असते, आणि कार्लसुद्धा!'' खरं आहे. वजाबाकी केली तर हिशेब जुळतो. पण मला सांगा, हे कळल्यावर शेन पहाऱ्यावर असताना तुम्हाला झोप लागेल का? पुढच्या वेळी जो लंगडेल, त्याचं काय? शेनलाही हे पुरतं ठाऊक आहे. म्हणून तर तो खोटं बोलला.

आता चौथं पर्व, २०१३. सगळे एका तुरुंगात राहताहेत. बाहेर कुंपण आहे, आत शेती आहे. आणि तापाची साथ येते! या गोष्टीत कोणीही, कशानेही मेलं तरी तो मुडदा होऊन उठतो. म्हणजे आजारी माणूस भिंतीच्या आतलाच धोका. कॅरल नावाची बाई कारेन आणि डेव्हिड या दोन आजाऱ्यांना मारून टाकते, साथ थांबावी म्हणून. त्यांना विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. आणि साथ थांबली का? नाही. ती आधीच पसरली होती.

त्याच वेळी दुसरं कोणी काय करतं पाहा. हर्शेल हा म्हातारा जनावरांचा डॉक्टर. मुडदा चावल्यामुळे त्याचा एक पाय आधीच कापावा लागलेला, नकली पायावर चालतो. मुलगी आणि रिक अडवत असताना तो आजाऱ्यांच्या कोठड्यांत शिरतो. स्वतः रानातून खुडून आणलेल्या एल्डरबेरीचा काढा पाजतो. कोणी दगावलं तर इतरांना दिसू नये म्हणून खाट ढकलत दुसऱ्या खोलीत नेतो आणि तिथे ते अवघड काम उरकतो. बाकीचे लांबच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून औषधं घेऊन येईपर्यंत तो रात्र काढतो. ग्लेन वाचतो तो त्याच्यामुळे.

एक पाय नसलेला म्हातारा! 'माझी टोळी' अशी यादी केली तर पहिली काट त्याच्याच नावावर मारली गेली असती. आणि त्याच पर्वात पुढे हर्शेल मरतो, तो कुठल्या मुडद्यामुळे नाही. एका जिवंत माणसाच्या हातून.

मग शेन आणि कॅरल वाईट, हर्शेल चांगला, असं लिहून उत्तराखाली रेघ मारायची का? थांबा. कॅरलने केलेलं कळल्यावर रिक तिला टोळीतून हाकलून देतो. पुढे रिक आणि त्याचे सोबती टर्मिनस नावाच्या ठिकाणी दुष्टांच्या तावडीत सापडतात. २०१४ मधली ही गोष्ट, पाचव्या पर्वाचा पहिलाच भाग. तेव्हा त्यांना सोडवायला कोण येतं? कॅरल! अंगाला घाण माखून, मुडद्यांच्या गर्दीतून, एकटी. गॅसची टाकी उडवून ती कुंपण फोडते. ज्याने तिला हाकललं त्यालाच ती वाचवते.

तीच कॅरल, पण दोन निर्णय. दोन्ही वेळा तिला टोळी वाचवायची होती. फरक कुठे पडला? माझ्याजवळ त्यासाठी एक छोटा प्रश्न आहे, तो तुम्ही कुठल्याही गोष्टीला लावून बघा : किंमत कोणी मोजली? तुरुंगात ती कारेन आणि डेव्हिडने मोजली, त्यांना न विचारता. टर्मिनसला कॅरलने स्वतःचा जीव पणाला लावला. शेनच्या निर्णयाची किंमत ओटिसने मोजली. हर्शेलने आपली आपण मोजली. माणसावर शिक्का मारण्याची घाई नको. निर्णय तपासा.

आता एक खरी गंमत ऐका. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, अटलांटातच आहे. मालिकेच्या पहिल्या पर्वात तिची इमारत स्फोटात उडते. मे २०११ मध्ये याच संस्थेने आपल्या संकेतस्थळावर 'झोंबी आले तर काय तयारी ठेवाल?' असा लेख दिला. वाचायला इतकी झुंबड उडाली, की संकेतस्थळच बंद पडलं! त्यांचं म्हणणं असं, की झोंब्यांसाठी तयार असलेला माणूस वादळ, भूकंप, साथ यांनाही तयार असतो. त्यांच्या यादीत काय होतं? दर माणशी दररोज एक गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाणी, टिकाऊ खाणं, रोजची औषधं, बॅटरीवर चालणारा रेडिओ, महत्त्वाची कागदपत्रं, प्रथमोपचाराची पेटी. आणि घरच्यांनी मिळून ठरवलेली जागा, ताटातूट झाली तर भेटायची. तलवार नाही, बंदूक नाही.

आपल्याकडे झोंबी यायचे नाहीत. पण पाणी येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला, तेव्हा हजारो माणसांना घरं सोडून निघावं लागलं. अशा वेळी घरातला सगळ्यांत जोरात पळणारा कोण, हे कोणी विचारत नाही. आजीला कोण धरणार, हे आधी विचारतात.

तर या रविवारी एक कागद घ्या आणि घरच्या सगळ्यांना बोलवा. ताटातूट झाली तर कुठे भेटायचं ते लिहा. औषधं कोण घेणार, कागदपत्रं कोण घेणार ते लिहा. ज्यांना भराभर चालता येत नाही त्यांची नावं सगळ्यांत वर लिहा, आणि प्रत्येकासमोर हात धरणाऱ्याचं नाव. रात्री जागायची वेळ आली तर पहिली पाळी कोणाची, तेही ठरवा.

कागद दाराच्या मागे चिकटवा, आणि काय काय ठरलं ते मला नक्की कळवा.

तुमच्या,
बाई