चिमणा महाराजांचा फंडा

आधीच सांगून ठेवते, पुढे स्पॉयलर्सचा पाऊस आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०१९ मध्येच संपली, त्यामुळे ‘अगं, मी अजून बघितली नाहीये’ ही सबब चालणार नाही!

या मालिकेतला सगळ्यात डेंजर माणूस कोण, असा विषय कॅन्टीनमध्ये निघाला की नावं ठरलेली असतात. जॉफ्री, रॅम्सी, नाइट किंग. माझं मत मात्र कायम एका म्हाताऱ्याला. अनवाणी पाय, गोणपाटासारखा झगा, गरिबांना सूप वाढतोय, आवाज कधी चढत नाही. हाय स्पॅरो! स्पॅरो म्हणजे चिमणी. साधा, कुठेही दिसणारा पक्षी, म्हणून या लोकांनी तेच नाव घेतलं. आमच्या ग्रुपमध्ये ते झाले ‘चिमणा महाराज’. भूमिका केलीय जोनाथन प्राइसने, आणि गंमत म्हणजे हाच माणूस २०१९ च्या ‘द टू पोप्स’मध्ये पोप फ्रान्सिस झाला. चेहराच तसा आहे, काय करणार.

तर वेस्टेरॉस नावाच्या या राज्याचा एक धर्म आहे. देव एक, रूपं सात. पिता, माता, कुमारी, वृद्धा, योद्धा, लोहार आणि सातवा तो अनोळखी, म्हणजे मृत्यू. उत्तरेकडचे लोक अजून जुन्या देवांना मानतात, पण गादीचा धर्म हाच. लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन स्वतः कॅथलिक घरात वाढले आणि हा धर्म मध्ययुगीन कॅथलिक चर्चवर बेतलाय, हे त्यांनी लपवलेलं नाही.

खरी मजा आहे ती त्याच्या इतिहासात. पूर्वी या धर्माची स्वतःची फौज होती. टार्गेरियन राजे भावा-बहिणीची लग्नं लावायचे, ते धर्माला मंजूर नव्हतं, त्यावरून युद्ध पेटलं. मेगॉर राजाने धर्मसैनिकांच्या टाळक्यांवर इनाम लावलं. सरदारघराण्यातल्या योद्ध्याला सोन्याचं नाणं, गरीब सैनिकाला चांदीचं. (मेल्यावरही ग्रेड सिस्टीम!) पुढे जेहेरिस राजाने तलवार चालवण्याऐवजी टेबलावर बसून तोडगा काढला. तुम्ही शस्त्रं खाली ठेवा, तुमचं रक्षण गादी करेल. दोनशेहून जास्त वर्षं हे डील टिकलं.

मोडलं कोणी? महाराजांनी नाही. मोडलं सर्सी राणीने.

सर्सीला सून नको होती. मार्जरी तरुण, हुशार, लोकांची लाडकी, आणि मुलगा टॉमेन तिच्या पूर्ण कह्यात. मग सासूबाईंना आयडिया सुचली. धर्माची फौज पुन्हा उभी करायची आणि ती सुनेच्या माहेरावर सोडायची. पुस्तकात तर हा व्यवहार अजून सॉलिड आहे. गादीवर धर्मसंस्थेचं नऊ लाखांहून जास्त सुवर्णमुद्रांचं कर्ज होतं. ते माफ, शिवाय टॉमेनला आशीर्वाद. बदल्यात फक्त शस्त्र बाळगायची परवानगी. बँकवाल्या मंडळींनो, याला तुमच्याकडे वन टाइम सेटलमेंट म्हणतात ना? सर्सी खूश, एका सहीत कर्ज गायब.

आणि तिथेच तिचा फंडा चुकला. तिला वाटलं, हा म्हातारा आपल्या उपकाराखाली आहे. अहो, पण त्याला पैसा नको, महाल नको, साधे बूटही नकोत! ज्याला काहीच नको त्याला मॅनेज कसं करणार? बरं, महाराजांच्या मागे आलेली माणसंही काही वेडी नव्हती. राजे-सरदारांच्या लढाईत त्यांची गावं जळाली, पुजारी मारले गेले. पुस्तकात हे लोक त्या पुजाऱ्यांची हाडं उचलून राजधानीत आणतात. त्यांचं ऐकून घेणारा, त्यांना जेवायला घालणारा एकच माणूस होता. या माणसाचं सूप खरं आहे आणि कोठडीही खरी आहे. म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

पहिला बळी लोरास, मार्जरीचा भाऊ. गुन्हा काय? त्याला पुरुष आवडतात. दारूची पिंपं फोडत, वेश्यावस्तीत धिंगाणा घालत कपाळावर तारा कोरलेले सैनिक त्याला उचलून नेतात. मग भर चौकशीत त्याचाच जोडीदार साक्षीला उभा राहतो आणि त्याच्या मांडीवरच्या खुणेचं वर्णन करतो. बहिणीने शपथेवर ‘मला काही माहीत नाही’ म्हटलेलं, म्हणून तीही आत. राणी असली तरी!

हा सीझन आला २०१५ मध्ये. तेव्हा आपल्याकडे कलम ३७७ लागू होतं. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये दिलेला दिलासा सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१३ मध्ये काढून घेतला होता. दोन सज्ञान माणसांच्या संमतीपुरतं ते कलम रद्द झालं ते ६ सप्टेंबर २०१८ ला. कॉलेजातला एक मित्र आमच्यासोबत तो एपिसोड बघत होता. मांडीवरची खूण आली आणि तो उठून बाहेर गेला. ड्रॅगन उडतात त्या मालिकेत त्याला घाबरायला एवढं पुरलं. आम्हाला कारण कळायला अजून तीन वर्षं गेली.

दुसरा बळी अर्थातच सर्सी. तिचा चुलत भाऊ लान्सेल त्याच फौजेत भरती झालेला, आणि त्याने तिच्याबरोबरचं सगळं कबूल केलेलं. मग केस कापून, नग्न करून शहरभर तिची धिंड. मागे घंटा वाजवत ‘शेम, शेम’ म्हणणारी ती साध्वी. (हॅना वॉडिंगहॅम. हो, ‘टेड लासो’वाली!) शूटिंग झालं क्रोएशियातल्या डुब्रोवनिकमध्ये. याचं मूळ इतिहासात आहे. १४८३ मध्ये तिसऱ्या रिचर्डने आधीच्या राजाची प्रेयसी जेन शोअर हिला लंडनमध्ये असंच जाहीर प्रायश्चित्त करायला लावलं. अंगावर आतला झगा आणि हातात मेणबत्ती. रिचर्डला गादी पक्की करायची होती, पाप-पुण्य नंतरचं. पण थॉमस मोरने लिहून ठेवलंय की तिला नावं ठेवणाऱ्या अनेकांनाही आनंदापेक्षा तिची दयाच जास्त आली. वेस्टेरॉसच्या गर्दीने सर्सीवर घाण फेकली.

सहाव्या सीझनमध्ये कोवळा टॉमेन गादी आणि धर्म एकच असल्याची घोषणा करतो आणि राज्यधर्माचं वर्तुळ पूर्ण होतं. शेवटच्या भागात खटल्यासाठी अख्खं दरबारी शहर मंदिरात जमलंय, आणि सर्सी आलेली नाही. काहीतरी गडबड आहे हे एकट्या मार्जरीला कळतं. ती सगळ्यांना बाहेर पडा म्हणून सांगते, पण दारं महाराजांच्याच सैनिकांनी अडवलेली. खाली हिरवी आग पेटते आणि देऊळ, महाराज, लोरास, मार्जरी, सगळं खलास. टॉमेन मुकुट काढून ठेवतो आणि खिडकीतून उडी मारतो.

आता माझी तक्रार. राज्यातलं सगळ्यात मोठं देऊळ राणीने उडवलं, आणि पुढच्या दोन सीझनमध्ये कुणी जाब विचारत नाही! जळालेल्या गावांतून आलेले, सूपसाठी रांगेत उभे राहणारे ते हजारो लोक गेले कुठे? मालिकावाल्यांनी त्यांना सरळ विसरून टाकलं. मार्टिनच्या पाचव्या पुस्तकाच्या (२०११) शेवटी सर्सीची धिंड निघून गेलीय, खटला व्हायचाय, आणि चिमण्या अजून शहरात आहेत. हत्यारांसकट.