जिल्हा नंतर, आधी तालुका

शाळूची काढणी सुरू आहे, आणि बांधावर भाकरी सोडली की परत तोच विषय, माणदेश जिल्हा झाला पाहिजे. मी जतच्या पूर्व भागातला. बऱ्याच जणांना पटणार नाही, तरी लिहितो. आम्हाला आधी तालुका पाहिजे.

जतपासून सांगली ऐंशी-नव्वद किलोमीटर, आम्ही जतच्याही पलीकडं. पण खरं सांगा, शेतकरी वर्षातून किती वेळा कलेक्टर कचेरीत जातो? मोजणी, पंचायत समितीतली विहिरीची फाईल, ही कामं तालुक्याची. संखला अपर तहसील कार्यालय दिलं, दाखल्यांची सोय झाली, नाही म्हणत नाही. पण अपर तहसील म्हणजे तालुका नव्हे. पंचायत समिती जतलाच राहिली.

कायद्यात दोन्हीची वाट एकच, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 4. शासन आधी राजपत्रात मसुदा काढतं, हरकती-सूचना मागवतं, मग अंतिम अधिसूचना. ठराव, मोर्चा, बंद यांनी दबाव येतो, सीमा हलत नाही. ती राजपत्रातच हलते. आपला जिल्हासुद्धा 1 ऑगस्ट 1949 ला 'दक्षिण सातारा' म्हणून झाला. साताऱ्याचे काही तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख एकत्र केला, त्यात आमचं जत संस्थान. सांगली हे नाव 1960 ला मिळालं.

(2022 ला कर्नाटकात जायची भाषा परत निघाली होती, पाण्यावरून. ती कलम 4 ची गोष्टच नव्हे. राज्याची सीमा संसद बदलते, घटनेच्या कलम 3 नं.)

सध्या जनगणनेसाठी सीमा गोठवल्यात, म्हणजे एवढ्यात काही होत नाही. हाच वेळ कामाचा. मसुदा निघाल्यावर हरकतीची मुदत मोजकीच असते आणि तेव्हा कागद शोधत बसलं की संपलं. मुख्यालय उमदीला की संखला, यावर नुसतं भांडत बसण्यापेक्षा प्रत्येक गावानं आत्ताच लिहून ठेवावं, कुठलं ठिकाण किती लांब, बाजार कुठं, पाणी कुठल्या योजनेचं, एसटी कुठं जाते.

आमच्या गावाचं मी वहीत लिहायला घेतलंय. एसटीच्या रकान्यापाशी अडकलोय. अंतरानं संख जवळ, पण गाडी जाते जतलाच. तुमच्या गावाचं काय, तेवढं कळवा.