अदिती अशोक : ग्रीनपासून मागे बांधलेली कारकीर्द

अदिती अशोक हिची कारकीर्द पटिंग ग्रीनवर सुरू झाली आणि बऱ्याच अंशी ती अजूनही त्याच जोरावर चालते. २९ मार्च १९९८ रोजी बंगळूरला जन्मलेल्या या मुलीच्या घरात गोल्फची परंपरा नव्हती. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या कोर्सलगतच्या उपाहारगृहात आईवडिलांबरोबर नाश्त्याला गेली असताना, वयाच्या पाचव्या वर्षी, तिने हा खेळ पहिल्यांदा पाहिला आणि थोड्याच दिवसांत तिच्या हातात पटर आला. आपल्याकडे नवशिक्याला बहुधा आधी रेंजवर उभे करतात. सात नंबरचा आयर्न आणि चेंडूंची बादली दिली की शिकवणी सुरू झाली असे आपण समजतो. इथे क्रम उलटा झाला. चेंडू भोकात घालणे आधी आले, तो लांब मारणे नंतर.

हौशी खेळाडू म्हणून तिची वाट सरळ होती. २०१३ च्या आशियाई युवा स्पर्धा, २०१४ चे युवा ऑलिम्पिक आणि त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धा, अशी तिन्ही ठिकाणे तिने पाहिली. २०१५ मध्ये तिने ब्रिटनमधील महिलांची हौशी स्ट्रोक प्ले स्पर्धा जिंकली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोरोक्कोत झालेल्या लेडीज युरोपियन टूरच्या पात्रता स्पर्धेत ती पहिली आली. वय सतरा, शाळा अजून संपायची होती. २०१६ उजाडताच ती व्यावसायिक झाली आणि ऑगस्टमध्ये रिओ ऑलिम्पिकला पोचली. तिथे पहिले दोन दिवस ती आघाडीच्या घोळक्यात होती, पुढच्या दोन फेऱ्यांत घसरून संयुक्त ४१ व्या स्थानावर आली. नोव्हेंबरात गुरुग्रामच्या डीएलएफ कोर्सवर तिने इंडियन ओपन जिंकली. युरोपियन टूरवर विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. दोनच आठवड्यांनी कतारची स्पर्धाही तिच्याकडे गेली आणि त्या मोसमातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मानही. २०१७ पासून ती अमेरिकेतील एलपीजीए टूरवर खेळू लागली. त्या टूरवर भारताचा रस्ता स्मृती मेहरा हिने नव्वदच्या दशकातच पाडून ठेवला होता, हे आज क्वचितच कोणी आठवते.

टूरचे जगणे बाहेरून दिसते तेवढे सुखाचे नसते. दोन दिवसांच्या छत्तीस होलनंतर कट लागतो आणि जवळजवळ अर्धे मैदान रिकाम्या हाताने परतते. विमानप्रवास, मुक्काम, कॅडीचे आठवड्याचे मानधन हा खर्च मात्र कट चुकला तरी खेळाडूच्याच खिशातून जातो. मोसमाअखेर क्रमवारीत पुरेसे वर नसले तर टूरवर खेळण्याचे कार्डही जाते. ही सगळी वर्षे टिकून राहणे हीच मोठी कमाई आहे, वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ती मावत नाही.

मथळे आले ते टोकियोमुळे. ऑगस्ट २०२१ मध्ये कासुमिगासेकी कोर्सवर अदितीने ६७, ६६, ६८, ६८ अशा फेऱ्या करून पंधरा अंडर पार गाठली आणि एका फटक्याने कांस्य हुकले. सुवर्ण जिंकणारी नेली कोर्डा तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिली होती, अदिती दोनशेच्या आसपास. कॅडी म्हणून बॅग सांभाळत होती तिची आई. देशाने ‘थोडक्यात हुकले’ म्हणून हळहळ केली. प्रशिक्षकांनी मात्र स्कोअरकार्डाच्या आत पाहायला हवे होते. त्याआधी काही आठवडे ती कोविडने आजारी होती, अंगातली ताकद पुरती परतली नव्हती, आणि ड्राइव्हच्या लांबीत ती मैदानातल्या सर्वांत मागच्या खेळाडूंपैकी होती.

याचा अर्थ एका होलवर काय होतो ते पाहू. चारशे यार्डांचा पार-चार आहे. प्रतिस्पर्ध्याचा ड्राइव्ह २६० यार्डांवर पडला, म्हणजे १४० उरले. आठ-नऊ नंबरचा आयर्न, चेंडू उंच जातो आणि ग्रीनवर पडून जागीच थांबतो. २२० च्या पुढे न जाणाऱ्याला १८० उरतात. हातात हायब्रिड किंवा फेअरवे वूड येते, चेंडू बसका उतरतो, घरंगळत ग्रीनच्या मागच्या कडेला जातो. तिथून चिप, मग सहा-सात फुटांचा पट. तो पट पडला तर पार. असे दिवसातून अनेकदा. चार दिवस ही कसरत करून कोर्डाच्या मागे केवळ दोन फटके राहणे हे पटिंगचे विलक्षण सामर्थ्य आहे. त्याच वेळी पटिंगवर किती ओझे टाकता येते, त्याची मर्यादाही इथेच दिसते.

ही मर्यादा अदितीने स्वतः ओळखली असावी, कारण नंतरच्या काळात तिचा चेंडू लांब जाऊ लागला आणि २०२३ हे तिचे सर्वांत भरीव वर्ष ठरले. फेब्रुवारीत केनियाची स्पर्धा तिने जिंकली. एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या एलपीजीए स्पर्धेत ती प्लेऑफपर्यंत पोचून हरली. नोव्हेंबरात स्पेनची खुली स्पर्धा मिळाली. मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा होत्या. तिसऱ्या दिवशी तिथे ६१ ची अचाट फेरी झाली आणि सात फटक्यांची आघाडी मिळाली. चौथ्या दिवशी चार बोगी, एक डबल बोगी, एकच बर्डी. ७७ झाले आणि सुवर्ण थायलंडच्या अर्पिचाया युबोलकडे गेले. रौप्य हे आशियाई स्पर्धांत भारतीय महिलेने गोल्फमध्ये मिळवलेले पहिले पदक होते. या ७७ ला ‘दडपण’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण आदल्या दिवशीच्या ६१ कडे त्यापेक्षा जास्त लक्ष द्यावे. अकरा अंडर पार फेरीतले सगळे फटके दुसऱ्या दिवशी परत येतील ही अपेक्षाच मुळात चुकीची असते. आघाडीवर असताना कोणता धोका पत्करायचा नाही याचे वेगळे प्रशिक्षण आपल्याकडे फारसे दिले जात नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ती संयुक्त २९ वी आली. तिच्याबरोबर होती दीक्षा डागर. डावखुऱ्या दीक्षाने २०१९ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेची खुली स्पर्धा जिंकून युरोपियन टूरवरचे दुसरे भारतीय नाव नोंदवले होते. दोघींच्या मागून येणाऱ्या मुली देशातल्या महिला व्यावसायिक टूरवर घडत आहेत. पुण्याचा पूना क्लब आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब इथेही त्या टूरच्या फेऱ्या झाल्या आहेत.