ज्याची फेरी ठरलेली, त्याची ही गाडी

विजेच्या मोटारसायकलच्या जाहिरातीत विशीतला पोरगा असतो, मोकळा हायवे असतो आणि वेगाचा आकडा असतो. मला वाटतं, तिथे पिग्मी एजंट हवा. मी कराडात एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. दत्त चौक, मंडई, शनिवार पेठ, मग मलकापूर. दर चार दुकानांमागे थांबायचं, गाडी स्टँडला लावायची, पैसे घ्यायचे, पावती द्यायची, पुढं निघायचं. दिवसाला पंचवीसेक किलोमीटर होतात आणि त्यातला बराचसा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरचा. पेट्रोलची गाडी सगळ्यात जास्त पेट्रोल पिते ती इथंच. विजेची मोटर थांबली की काही खात नाही. क्लच नसल्याने संध्याकाळी डावं मनगट दुखत नाही, हे सुख ज्यांनी मंडईत गाडी हाकली आहे त्यांनाच कळेल.

बॅटरीमुळं गाडी जड होते हा समज आधी काढून टाकला पाहिजे. रिव्होल्टची आरव्ही 400 ही 108 किलोंची आहे, आपली स्प्लेंडर 112 किलोंची.

आता पैशाचं बोलू. पंचवीस किलोमीटरला अर्धा लिटर पेट्रोल धरा. लिटरला शंभरावर मोजायचे म्हणजे महिन्याला तेरा-चौदाशे रुपये, तेही कमिशनमधून. तेवढंच अंतर विजेवर तोडायला रोज युनिटभर वीज पुरते. मात्र महावितरणचं बिल टप्प्याटप्प्यानं चढतं. शंभर युनिटच्या आत राहणारं घर चार्जिंगमुळं वरच्या टप्प्यात गेलं, तर त्या वरच्या युनिटांना जवळपास दुप्पट दर लागतो. शोरूमवाले हे सांगत नाहीत. तो दर धरूनही महिन्याला हजाराच्या आसपास रुपये हातात राहतात, आणि आमच्या धंद्यात हजार रुपये ही मोठी रक्कम आहे.

पण हे हजार रुपये वाचतात ते चाक फिरतं म्हणून. घरातून बँकेत आणि बँकेतून घरी, असं दिवसाला चार किलोमीटर जाणाऱ्या साहेबांचे महिन्याला दीड-दोनशेही वाचणार नाहीत. त्यांनी आहे ती गाडी वापरावी. पाटण, कोयनानगर करत फिरणाऱ्या औषध कंपनीच्या एमआरनंही थांबावं. त्याचं अंतर रोज बदलतं आणि वाटेत चार्जिंगसाठी तास-दोन तास काढणं त्याला परवडत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानं बॅटरी काढून वर नेता येते का ते आधी पाहावं, आणि ती पंधरा-वीस किलोंची असते हेही ध्यानात ठेवावं. मळ्यातल्या वस्तीवर वीज पाळीनं येत असेल, तर रात्रीच्या चार्जिंगचा भरवसा धरू नये.

उरतात ते रतीब घालणारे, पेपर टाकणारे, कुरिअरवाले, वायरमन, गावोगाव टपाल नेणारे डाकसेवक. त्यांची फेरी ठरलेली असते, रात्री गाडी स्वतःच्या दारात असते आणि प्रत्येक किलोमीटरचा खर्च त्यांच्याच खिशातून जातो. त्यांना शंभरचा वेग नको आहे, मोठी बॅटरीही नको आहे. आणि नेमकं इथंच सरकारी मदतीचं गणित चुकतं. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर ठरवलं गेलं, कमाल मर्यादेपर्यंत बॅटरी जितकी मोठी तितकी सूट जास्त. गाडी रोज किती धावणार, कोणाच्या पोटापाण्यासाठी धावणार, हे कोणी विचारलंच नाही. छोटी बॅटरी घेणाऱ्या दूधवाल्याला कमी आणि हौसेनं मोठी गाडी घेऊन ती सोसायटीत उभी करणाऱ्याला जास्त, हे मला पटत नाही.

कर्जाचंही तसंच आहे. मी गेलो तेव्हा फायनान्स कंपनीनं पगाराची स्लिप मागितली. कमिशनवर जगणाऱ्याकडं ती कुठून असणार? रोज लोकांचे हजारो रुपये ज्याच्या हातात विश्वासानं दिले जातात, त्याला गाडीपुरतं कर्ज देताना मात्र विश्वास पुरत नाही. हे काम पतसंस्थांनी करावं. एजंटाचं कमिशन त्यांच्याच वहीतून जातं, त्यातून दरमहा हप्ता कापता येईल. पेट्रोलचे वाचलेले हजार रुपये हप्त्यातला मोठा वाटा उचलतील. आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत मी हा ठराव लेखी देणार आहे. दूध संघांनी रतीबवाल्यांसाठी आणि वृत्तपत्र एजन्सींनी पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी असंच काही करावं, अशी माझी विनंती आहे.