पोपटाचा निरोप कानाने ऐकावा

जलालुद्दीन रूमीच्या फारसी ‘मसनवी’च्या पहिल्या भागातली पोपट आणि व्यापाऱ्याची गोष्ट गद्यात सांगितली की तिची बोधकथा होते आणि मर्म हातचे जाते. पिंजऱ्यातला पोपट हिंदुस्थानला निघालेल्या मालकाजवळ तिथल्या भाईबंदांसाठी निरोप देतो. तो ऐकताच तिथला एक पोपट थरथरून कोसळतो. ही हकिकत कळल्यावर पिंजऱ्यातलाही तसाच कोसळतो. व्यापारी शोक करत त्याला बाहेर टाकतो आणि तो उडून जातो. सुटकेची युक्ती शब्दांत कुणी सांगितलेलीच नाही. एकाने केले ते दुसऱ्याने पुन्हा केले, एवढाच निरोप. पोपटपंची हा आपला हिणवायचा शब्द. इथे नक्कलच पोपटाला सोडवते. मग कवितेतली पुनरावृत्ती नुसता अलंकार कशी मानायची?

‘मसनवी’ रूमी सांगत गेला आणि हुसामुद्दीन चलबी लिहीत गेला, म्हणून ती कानानेच तपासावी. ‘लरज़ीद’ (थरथरला), ‘उफ़्ताद’ (पडला) ही क्रियापदे दोन्ही प्रसंगांत त्याच क्रमाने येतात. वृत्त गालगागा गालगागा गालगा, मराठी गझलेच्या वाचकाला ओळखीचे. कोणी म्हणेल, सुमारे २५ हजार द्विपदींना हेच वृत्त आहे, मग या गोष्टीत त्याचे श्रेय काय? आक्षेप रास्त आहे. पण ठेका तोच राहतो म्हणूनच त्यात काय बदलले ते ऐकू येते. पहिल्यांदा कवी ‘मुर्द’, मेला, असे स्पष्ट म्हणतो आणि द्विपदी ‘नफ़स’वर, तुटलेल्या श्वासावर, संपते. दुसऱ्यांदा ‘मेला’ गळतो. त्या पोपटाने काय ‘कर्द’, केले, याला यमक मिळते ‘सर्द’चे: हा गार पडला. कृती आणि गारठलेले शरीर यमकाने सांधले जातात. व्यापाऱ्याआधी श्रोत्याला संशय यावा, अशी ही जागा आहे.

खरा वजनदार आक्षेप रूमीचाच. याच गोष्टीत तो म्हणतो की मी यमक शोधतो, तेव्हा प्रियतम बजावतो, माझ्या दर्शनाखेरीज कशाचा विचार करू नकोस. पण ही तक्रारही ‘दिलदार’ आणि ‘दीदार’ या यमकात, प्रियतम आणि दर्शन यांना बांधूनच आली आहे. फारसीचे प्राध्यापक माधव ज्यूलियन यांच्या ‘छंदोरचने’मुळे फारसी वृत्ते मराठीत नवखी राहिलेली नाहीत. तरी अनुवादकाला वृत्त पेलले नाही, तर निदान ती दोन क्रियापदे दोन्ही जागी तीच ठेवावीत. एकदा ‘थरथरला, पडला’ आणि दुसऱ्यांदा वैविध्यासाठी ‘कापला, कोसळला’ असे केले, तर हिंदुस्थानातला निरोप पिंजऱ्यापर्यंत पोचतच नाही.