ट्रॉलीला रिफ्लेक्टर लागले, ब्रेकचे काय?

ऊस गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॉलींना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते. ती गरजेचीच आहे. पण रिफ्लेक्टरमुळे मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते, उतारावर ती थांबत नाही. गावच्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या अनेक ट्रॉलींच्या चाकांना आजही ब्रेक नाहीत.

साधा हिशेब पाहा. ५० एचपी ट्रॅक्टरचे वजन सुमारे २ टन. मागे १० टन ऊस असेल, तर तो सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी रोखायचा. वेग दुप्पट झाला की हे काम चौपट अवघड होते. उतारावर ब्रेक दाबताच ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. चालक कितीही सराईत असला तरी इथे त्याचे काही चालत नाही.

उपाय म्हणजे ट्रॉलीच्या चाकांना ड्रम ब्रेक. ते बसवताना एवढे पाहा:

• भार पेलणारा, ब्रेकसह तयार मिळणारा एक्सल घ्या. जुन्या एक्सलला बॅकप्लेट वेल्डिंगने चिकटवू नका. ती ड्रमच्या मध्याशी जुळली नाही तर लायनर एका बाजूनेच घासतो.
• दोन्ही चाकांना एकाच मापाचे ड्रम व लायनर हवेत, नाहीतर ट्रॉली एका बाजूला ओढते.
• हबचे ऑइल सील नवे टाका. लायनरवर ग्रीस आले की ब्रेक लागत नाही.
• ओव्हररन हूक असेल तर रिव्हर्स लॉक हवाच. दोन ट्रॉली ओढत असाल, तर ट्रॅक्टरच्या पेडलवर चालणारी हवेची किंवा हायड्रॉलिक यंत्रणा घ्या.
• रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने जोडलेले ठेवा. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका.

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. म्हणून बदल करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीकडे चौकशी करा.

प्रश्न खर्चाचा आहे. कारखाने वाहतूक करार करताना वाहनमालकाला उचल देतातच. त्याच वेळी ट्रॉलीच्या ब्रेकची तपासणी करारात घालावी आणि उचलीतील काही रक्कम ब्रेकसाठीच राखून ठेवावी. करारावर सही करण्यापूर्वी ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.